मालधक्क्याच्या आराखड्यात माणूस कुठे आहे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी इंजिनिअरांचा वाटावा असा आहे. रेल्वेने आलेला माल उतरवून ट्रकवर चढवायचा आणि ट्रकने आलेला माल रेल्वेवर चढवायचा, यासाठी जी जागा लागते तिला आपण पिढ्यान्‌पिढ्या मालधक्का म्हणत आलो. तिला आता टर्मिनल म्हणतात. या टर्मिनलचा आराखडा हल्ली संगणकाच्या साहाय्याने केला जातो. रूळ किती लांब असावेत, याऱ्या किती असाव्यात, ट्रकने कोणत्या दरवाजाने आत यावे, किती वेळ थांबावे, हे सारे बांधकामाची पहिली कुदळ पडण्याआधी संगणकात ठरलेले असते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि आयुष्यभर तोच विषय शिकवीत आलो. त्यामुळे यंत्राच्या अंतरंगात मी फार खोल शिरणार नाही. त्या यंत्राला हिशेब करायला दिलेले आकडे कोण ठरवतो, एवढ्याच एका प्रश्नाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे.

प्रथम या जागेचे महत्त्व ध्यानात घेऊ. १९५१ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जात असे. आज हा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास रेल्वेला ट्रकच्या मानाने कितीतरी कमी इंधन लागते. लांब पल्ल्याचे भाडेही तिचे कमी पडते. असे असूनही माल रस्त्यावर का गेला? डब्यांची टंचाई, प्रवासी गाड्यांना मिळणारे प्राधान्य, भाड्याचे धोरण अशी अनेक कारणे आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ट्रक कारखान्याच्या दारातून निघतो आणि दुकानाच्या दारात उभा राहतो. रेल्वे दारापर्यंत येत नाही. तिच्या मालाला दोन्ही टोकांना चढउतार करावी लागते आणि या चढउतारीचा खर्च, वेळ व नासधूस रुळांवर झालेली बचत खाऊन टाकतात. म्हणून कोणत्या अंतरापुढे रेल्वे परवडते याचा निकाल रुळांपेक्षा मालधक्क्यावर लागतो.

सरकारच्याही हे ध्यानात आलेले आहे. २०३० पर्यंत रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे योजनेत ठेवले गेले. दादरीपासून आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत १५०६ किलोमीटरचा, केवळ मालगाड्यांसाठीचा पश्चिम मार्ग आखला गेला. एकावर एक असे दोन थर कंटेनर नेता यावेत म्हणून त्यावरील विजेची तार साडेसात मीटर उंच घेतली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘गतिशक्ती कार्गो टर्मिनल’चे धोरण आले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेची जमीन अशा कामासाठी ३५ वर्षांच्या मुदतीने आणि बाजारभावाच्या दीड टक्का वार्षिक आकाराने देण्यास संमती दिली. त्याआधी हा आकार सहा टक्के होता आणि मुदत पाच वर्षांची. पाच वर्षांत अशी ३०० टर्मिनले उभी करण्याचे त्या वेळी जाहीर झाले. जमीन सार्वजनिक, बांधणारा आणि चालवणारा बहुधा खाजगी, अशी ही रचना आहे. ही गोष्ट स्मरणात ठेवावी. माझ्या प्रतिपादनाच्या शेवटी तिची गरज लागणार आहे.

आता आराखडा कसा होतो ते पाहू. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पेट्या लादून त्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. आत काय आहे याच्याशी उचलणाऱ्याला देणेघेणे नाही, पेटी मात्र सर्वत्र ठराविक मापाची, या कल्पनेने पुढील वीस वर्षांत जगातील बंदरांचे रूप पालटले आणि लाखो गोदी कामगारांचे कामही गेले. आपल्याकडे १९८८ मध्ये भारतीय कंटेनर निगमाची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे नवे बंदर सुरू झाले. आज मालधक्क्यांचे दोन प्रकार आपल्याला दिसतात. एक कंटेनरचा, जेथे यारी उचलते. दुसरा सिमेंट, खत, धान्य, साखर यांच्या पोत्यांचा, जेथे अजूनही बऱ्याच अंशी माणसाची पाठ उचलते.

कंटेनरच्या एका मालगाडीला साधारणतः ४५ वाघिणी असतात आणि तीवर वीस फुटी ९० पेट्या मावतात. गाडीची लांबी सुमारे सातशे मीटर. तेवढा सरळ रूळ पाहिजे. एक पेटी उचलून ठेवण्यास तीन मिनिटे लागतात असे समजा. एका यारीला गाडी रिकामी करण्यास साडेचार तास लागतील, दोन याऱ्यांना सव्वादोन. मग पेट्यांची थप्पी किती उंच लावायची? जमीन महाग, म्हणून थप्पी उंच लावावी असे वाटते. परंतु हवी असलेली पेटी नेमकी वरच असेल असे नाही. तीन पेट्यांच्या थप्पीतून कोणतीही एक काढायची तर सरासरीने एक पेटी बाजूला करावी लागते. पाचांच्या थप्पीतून दोन. जमीन वाचली, पण काम वाढले. शिवाय गाडी एकदम येते आणि ट्रक सुटेसुटे येतात; गाडीला उशीर होतो, ट्रक वाटेत अडकतो. अशा अनिश्चित गोष्टी इतक्या असतात की कागद-पेन्सिलीने त्यांचा मेळ बसत नाही.

येथे संगणक उपयोगी पडतो. प्रत्येक गाडी, प्रत्येक ट्रक, प्रत्येक यारी यांचे आकड्यांतील एकेक प्रतिरूप तयार करतात आणि वर्षभराचा कारभार काही मिनिटांत चालवून पाहतात. गाड्या उशिरा आल्या तर काय, पावसाळ्यात काम मंदावले तर काय, असे हजार वेळा चालवून पाहतात. याला सिम्युलेशन म्हणतात. त्याखाली जे गणित आहे ते रांगेचे गणित होय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. त्यातील एकच निष्कर्ष आपल्या कामाचा आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगा आहे.

एक यारी आहे. ट्रक अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीअधिक असतो. यारी ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर ट्रकला सरासरीने कामाच्या वेळेच्या चौपट थांबावे लागते. नव्वद टक्के कामात असेल तर नऊपट. पंच्याण्णव टक्के असेल तर एकोणीसपट! यंत्राचा वापर थोडासा वाढतो आणि रांग कितीतरी पटींनी वाढते.

हे आकडे जमिनीवर आणून पाहू. दिवसाला शंभर ट्रक आणि प्रत्येकामागे सरासरी दहा मिनिटांचे काम असे धरा. नव्वद टक्के वापर ठेवायचा तर धक्का सुमारे साडेअठरा तास उघडा राहील आणि प्रत्येक ट्रकला सरासरी नव्वद मिनिटे थांबावे लागेल. ऐंशी टक्के वापर ठेवायचा तर धक्का जवळजवळ एकवीस तास उघडा ठेवावा लागेल आणि थांबणे चाळीस मिनिटांवर येईल. म्हणजे धक्का सव्वादोन तासांहून थोडा अधिक वेळ चालवण्याचा खर्च केला तर शंभर चालकांचे मिळून दररोज ८३ तास वाचतात. एकीकडे यारीचे सव्वादोन तास आणि दुसरीकडे माणसांचे ८३ तास. शहाण्या माणसाला यात निवड कठीण वाटू नये.

तरीही संगणक नव्वद टक्क्यांचा आराखडा पुढे करतो. का? संगणक दुष्ट आहे म्हणून नव्हे. त्याला ‘एकूण खर्च कमीतकमी करा’ अशी आज्ञा दिलेली असते आणि खर्च कोणता हे त्याला आपण सांगायचे असते. यारीचा तास खर्चात धरला जातो, कारण तिचे बिल टर्मिनल चालवणाऱ्याकडे येते. वाघीण ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ अडकली तर रेल्वे डॅमरेज लावते. म्हणून वाघिणीच्या तासालाही किंमत आहे. ट्रकचालक आणि क्लीनर फाटकाबाहेर उन्हात उभे आहेत, त्यांच्या तासाचे बिल कोणीच टर्मिनलकडे पाठवीत नाही. तेव्हा त्या रकान्यात शून्य पडते. ज्याची किंमत शून्य, ते यंत्र हात सैल सोडून खर्च करते. वाघिणीने थांबावयाचे नाही, यारीने थांबावयाचे नाही, मग थांबणार कोण? ज्याचे थांबणे फुकट आहे तो.

पोत्यांच्या धक्क्यावर हेच शून्य दुसऱ्या रूपाने वावरते. गाडी रात्री लागली तर डॅमरेज चुकवण्यासाठी टोळीला रात्री बोलावले जाते. ताशी किती पोती उतरतील याचा सरासरी आकडा आराखड्यात घातला जातो. मे महिन्यातील दुपार आणि जानेवारीतील सकाळ त्या सरासरीत एकच होतात. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. आपल्याकडे क्विंटलाच्या पोत्याविरुद्ध हमालांना पुढेही दीर्घकाळ झगडावे लागले. पाठीचे झिजणे हा खर्चच आहे. तो कामगाराच्या घरात आणि सरकारी दवाखान्यात भरला जातो, म्हणून टर्मिनलच्या ताळेबंदात दिसत नाही इतकेच.

लहान शेतकऱ्याचेही तसेच. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर ही पहिली किसान रेल्वे सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून शंभरावी सुटली. त्या गाड्यांत लहान शेतकऱ्याला थोडाही माल पाठवता येत असे आणि फळे-भाजीपाल्याचे निम्मे भाडे अनुदानातून भरले जाई. माल नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु पूर्ण गाडी किंवा निदान पूर्ण पेटी हेच ज्या प्रतिरूपाचे एकक, त्यात दहा क्रेट डाळिंबांना रकानाच नसतो. रकाना नाही म्हणून जागा नाही. जागा नाही म्हणून माल येत नाही. आणि माल येत नाही म्हणून पुढच्या आराखड्यातही रकाना नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. संगणक समोर ठेवलेल्या पर्यायांतून निवड करतो. न ठेवलेला पर्याय त्याला सुचत नाही. २६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णे अशी ‘रो-रो’ सेवा सुरू केली. भरलेला ट्रक उताराच्या धक्क्यावरून स्वतःच वाघिणीवर चढतो, चालक ट्रकसह प्रवास करतो आणि पलीकडे ट्रक स्वतःच उतरून चालू लागतो. यारी नाही, थप्पी नाही, पेटीही नाही. प्रत्येक ठिकाणी हीच पद्धत योग्य असे माझे म्हणणे नाही. ट्रकचे मृत वजन वाहून नेण्याचा तोटा तीत आहेच. पण घाटरस्त्याच्या मुलखात तिने काम दिले. ‘कोणत्या प्रकारची किती यारी’ एवढाच प्रश्न घातला असता, तर हे उत्तर कोणत्याही संगणकातून बाहेर पडले नसते.

मग आपण काय करावे? संगणकाला विरोध करावा काय? १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी तसा विरोध केला होता. त्यांची नोकरीविषयीची भीती खोटी नव्हती. तथापि विरोधाने यंत्र थोडे उशिरा आले, आणि आले तेव्हा ते कसे वापरायचे यावर कामगारांचा अधिकार उरला नव्हता. दुसरा मार्ग नॉर्वेत सापडतो आणि तो आपल्या विषयाशी थेट निगडित आहे.

सिम्युलेशनसाठी ‘सिम्युला’ नावाची संगणकभाषा ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात १९६० च्या दशकात तयार झाली. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्युगार्ड हे तिचे दोन जनक. आजच्या बहुतेक मोठ्या संगणकभाषा तिच्या ऋणी आहेत आणि २००१ चा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला. आपल्या साधनाने कारखान्यातील कामाची आखणी होते, आणि त्यात ज्यांचे काम बदलते त्यांना विचारले जात नाही, ही गोष्ट न्युगार्ड यांना अस्वस्थ करीत होती. ते १९७१ च्या सुमारास लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेकडे गेले आणि पुढील दोन वर्षे त्यांनी कामगारांबरोबर बसून एकच काम केले: कारखान्यात येऊ घातलेली संगणकप्रणाली कामगारांनी स्वतः अभ्यासायची आणि तिच्याविषयी आपल्या मागण्या स्वतः मांडायच्या. त्यातून १९७५ मध्ये कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात राष्ट्रीय करार झाला. संगणकप्रणालीची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत आणि निर्णयापूर्वी मिळाली पाहिजे, तसेच या कामासाठी कामगारांना आपला खास प्रतिनिधी निवडता आला पाहिजे, ही तत्त्वे त्यात मान्य झाली. ज्याने साधन घडवले त्यानेच ते कामगारांच्या हाती समजावून दिले, असे उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळा.

आपल्याकडे अशा करारासाठी पाया आधीच घातलेला आहे, आणि तो महाराष्ट्राने घातलेला आहे. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा हा असंघटितांना संरक्षण देणारा देशातील अग्रगण्य कायदा. कामगार, मालक आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ. मालकाने मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने त्यातून वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत पाहायची. मात्र या रचनेत एक दुबळी जागा आहे. लेव्ही मजुरीच्या टक्क्यांत मोजली जाते. पोत्याच्या जागी पेटी आली आणि हमालाच्या जागी यारी आली की मजुरी आटते आणि तिच्याबरोबर मंडळाचे उत्पन्नही आटते. म्हणजे कामगाराला आधाराची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी, त्याच क्षणी निधी रिता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी १९६० च्या करारात यंत्राला वाट दिली, पण मोबदल्यात मालकांकडून वेतनहमी आणि निवृत्तीसाठी निधी घेतला. आपणही लेव्हीचा आधार मजुरीवरून हाताळलेल्या टनावर किंवा पेटीवर नेण्याची मागणी केली पाहिजे.

माझ्या मते आपल्या मागण्या पुढीलप्रमाणे असाव्यात. रेल्वेच्या जमिनीवर जे टर्मिनल उभे राहील त्याच्या आराखड्यामागील गृहीतके, म्हणजे कोणत्या तासाला किती किंमत धरली, रांग किती धरली, कोणते पर्याय तपासले, ती मराठीतून प्रसिद्ध व्हावीत. जमीन दीड टक्क्याने पस्तीस वर्षांसाठी देणाऱ्या जनतेला एवढे विचारण्याचा हक्क निश्चितच आहे. चालकाच्या आणि कामगाराच्या थांबण्याच्या तासाला निदान किमान वेतनाइतकी किंमत हिशेबात धरावी. विसाव्याची जागा, पाणी, शौचालय आणि सावली ही रूळ व यारीप्रमाणेच आराखड्याचे अंग मानावीत. माथाडी मंडळाला आराखडा ठरण्यापूर्वी मत मांडता यावे आणि त्यासाठी स्वतःचा तज्ज्ञ नेमता यावा. लहान मालासाठी काही जागा राखून ठेवावी.

यावर एक आक्षेप येईल व तो गंभीर आहे. या साऱ्याने टर्मिनल महाग होईल आणि माल पुन्हा रस्त्यावर जाईल, असे सांगितले जाईल. परंतु थांबण्याचा खर्च आजही कोणीतरी भरतोच. रांगेत उभा असलेला ट्रक दिवसाकाठी एक फेरी गमावतो आणि ते नुकसान तो भाड्यात चढवतो किंवा चालकाच्या पगारातून आणि झोपेतून कापतो. भाड्यात चढवले तर रेल्वेने पाठवण्याचा एकूण खर्च वाढतो आणि माल रस्त्यावर जातो; झोपेतून कापले तर अपघात होतात. झाकलेला खर्च उघड केल्याने तो वाढत नाही. उलट तो कमी करण्याची निकड निर्माण होते. रेल्वेकडे माल परत यावा असे ज्यांना वाटते त्यांनी तर ही मागणी आपल्याआधी करायला हवी होती.

शेवटी एक काम सुचवतो, कारण अभ्यासवर्ग ठरावावर संपला तर त्याचा उपयोग अर्धाच. सिम्युलेशनला जी माहिती लागते ती गोळा करण्यास संगणक लागत नाही. आपापल्या तालुक्याच्या मालधक्क्यावर दोन कार्यकर्त्यांनी घड्याळ आणि वही घेऊन आठवडाभर बसावे. ट्रक किती वाजता आला, किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर पडला. टोळीला किती वाजता बोलावले आणि काम किती वाजता सुरू झाले. पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, हे लिहावे. टोळीच्या मुकादमाला आणि चालकांना विश्वासात घेऊन हे काम करावे. वही त्यांच्यासमोर उघडी असावी. अशा दहा धक्क्यांच्या वह्या हाती आल्या की एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी त्यांवरून आपले स्वतःचे प्रतिरूप तयार करून देऊ शकतील. त्या प्रतिरूपात चालकाच्या तासाचा रकाना कोरा राहणार नाही, आणि उद्या टर्मिनलचा आराखडा आपल्यासमोर टाकला जाईल तेव्हा त्याच्या शेजारी ठेवायला आपल्या हातात दुसरा आराखडा असेल.